हार्बर लाइन: आधी माल आला, माणसं मागून आली

गोदीकर

गेल्या महिन्यात अण्णांचं कपाट आवरताना त्यांच्या जुन्या पासांची चळत सापडली. कुर्ला ते रे रोड, सेकंड क्लास, तीन-तीन महिन्यांचे. रबरबँड इतका सुकला होता की हात लावताच तुटला. अण्णा रे रोडच्या बाजूच्या बंदरावर टॅली क्लार्क होते. क्रेनने गोणी उतरायच्या आणि ते वहीत पाच-पाचच्या रेघा मारायचे. आम्ही नेहरूनगरात राहत होतो, पुढे १९९४ ला नेरुळला आलो. म्हणजे आमच्या घराच्या दोन पिढ्या या एकाच लाइनवर गेल्या. म्हणून हा धागा.

मेन लाइनचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, तोफांची सलामी. हार्बरचा इतिहास कुणी सांगत नाही, कारण तिच्या जन्माला सलामी-बिलामी काही नव्हतं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९१० साली कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत फाटा काढला तो बंदरासाठी. त्या काळात पोर्ट ट्रस्ट माझगाव ते शिवडी समुद्र बुजवून जमीन तयार करत होता. धान्याची कोठारं, कापसाची गोदामं, कोळसा, लाकूड सगळं या पूर्व किनाऱ्यावर येत होतं. अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) १९१४ ला सुरू झाला आणि १ जानेवारी १९१५ पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे बॅलार्ड पिअर ते वडाळा धावू लागली. कॉटन ग्रीन हे स्टेशनचं नावसुद्धा कापसाच्या बाजारावरून पडलं. कुलाब्याचा जुना कापूसबाजार इकडे हलवला आणि नावही सोबत आलं.

दुसरा फाटा कुर्ला–चेंबूर. तो तर १९०६ सालचा, म्हणजे रे रोडच्याही आधीचा. एकेरी रूळ, आणि तो टाकला शहराचा कचरा देवनारच्या दलदलीकडे न्यायला. प्रवाशांना त्यावरून जायला १९२४ उजाडलं. आज चेंबूर, गोवंडी, मानखुर्दला जी गर्दी दारात लटकते, तिच्या पायाखालचा मार्ग मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठी आखलेला आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही लाइन माणसांसाठी कुणी बांधलीच नव्हती. मालासाठी बांधली, मग माणसं येऊन तिच्यावर उभी राहिली. आजही हार्बरला दोनच रूळ आहेत, एक अप आणि एक डाऊन. म्हणून फास्ट लोकल नाही. सीएसएमटी ते पनवेल ४९ किलोमीटर, २५ स्टेशनं, आणि प्रत्येक स्टेशनला थांबत जवळपास ८० मिनिटं. मेन लाइनवाल्यांना याची कल्पना नसते.

तुमच्याकडच्या आठवणी, माहिती, जुनी तिकिटं, जे असेल ते लिहा. माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.

माझगावची मंजिरी

गोदीकर, फार छान सुरुवात केलीत. तुमचे अण्णा ज्या गाडीने जायचे ती आमच्या खिडकीसमोरून जायची.

माझं माहेर सँडहर्स्ट रोड आणि डॉकयार्ड रोडच्या मधे, तिसऱ्या मजल्यावर. तिथे हार्बर जमिनीवरून जात नाही, खांबांवरून जाते. सँडहर्स्ट रोड स्टेशनच दोन मजली आहे, खाली मेन लाइन आणि वर हार्बर. गाडी वळण घेत इतकी हळू जायची की डब्यातल्या माणसाच्या हातातल्या पेपरचा मथळा वाचता यायचा. आई खिडकीत तांदूळ निवडत बसायची आणि रोजच्या काही बायकांशी तिची नजरेची ओळख झाली होती. एक बाई तर गाडीतून हात करायची. ती कोण, कुठली, आम्हाला कधीच कळलं नाही. पण ती चार-पाच दिवस दिसली नाही की आई रात्री जेवताना म्हणायची, "आज पण नव्हती गं."

गाडी गेली की फडताळातले पेले वाजायचे. लग्न होऊन डोंबिवलीला गेले तेव्हा पहिले कित्येक दिवस रात्री झोप लागत नव्हती, आवाज नाही म्हणून.

डीसी ते एसी

मी ३४ वर्षं ओव्हरहेड वायरच्या कामात काढली, आता निवृत्त आहे. त्यामुळे विजेबद्दल लिहितो.

मंजिरीताईंनी सांगितलेला तो खांबांवरचा भाग फार महत्त्वाचा आहे. सुरुवातीला हार्बर रे रोडलाच संपायची. तिथून व्हीटीपर्यंत (आताचं सीएसएमटी) मधे सगळी दाट वस्ती. ती ओलांडायची तर वरून जाणं भाग होतं. तो उन्नत मार्ग झाला आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला जी गाडी सुटली ती भारतातली पहिली विजेवरची गाडी. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी ती सोडली. १६ किलोमीटर, चार डब्यांची गाडी, १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). पश्चिम रेल्वेवर बोरिवलीपर्यंत वीज आली ती १९२८ मध्ये. म्हणजे ज्या हार्बरला सगळे मागासलेली म्हणतात तिने देशाला पहिली इलेक्ट्रिक लोकल दिली. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता १५०० डीसीची अडचण सांगतो. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी करंट जास्त. करंट जास्त म्हणजे जाड तार, आणि थोड्या-थोड्या अंतरावर सबस्टेशन. त्यात एका पट्ट्यात दोन-तीन गाड्यांनी एकदम वेग घेतला की व्होल्टेज पडतं. हार्बरला इतकी वर्षं नऊ डबेच का, याचं एक कारण हे. दुसरं कारण प्लॅटफॉर्मची लांबी.

२५,००० व्होल्ट एसीवर (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर) जायचं तर तारेपासून पुलापर्यंत जास्त अंतर सोडावं लागतं. जुने रस्त्यांचे पूल इतके खाली होते की कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पूल पाडावा लागला. भायखळा आणि सँडहर्स्ट रोडच्या मधला हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये त्यासाठीच गेला. ही सगळी कामं रात्रीच्या ब्लॉकमध्ये. शेवटची लोकल गेली की वीज बंद, आणि पहाटेच्या पहिल्या लोकलआधी सगळं जागेवर. हातात मिळायचे फार तर साडेतीन तास.

९ एप्रिल २०१६ ला रात्री कुर्ल्याहून शेवटची डीसी लोकल सीएसटीला (व्हीटीचं तेव्हाचं नाव) गेली. मी ड्यूटीवर नव्हतो, तरी चुनाभट्टीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ती गाडी गेल्यावर तारेचा थोडा वेळ जो सूं असा आवाज राहतो, तो ऐकला आणि घरी आलो. त्याच महिन्यात हार्बरवर पहिली बारा डब्यांची गाडी धावली.

गोदीकर

साहेब, हे वाचून अंगावर काटा आला. १९२५ ची गाडी हार्बरवरून गेली हे माहीत होतं, पण त्या रात्रींच्या साडेतीन तासांचा विचार कधी केला नव्हता. आम्ही मेगाब्लॉकच्या नावाने बोटं मोडत होतो.

सावली_२

एक शंका. मी पनवेल–सीएसएमटी रोज करते, चार वर्षं झाली. समुद्र कुठेच दिसत नाही. मग नाव हार्बर कसं?

गोदीकर

सावली, गोदामांच्या भिंतींमुळे दिसत नाही. रे रोडला उतरून पूर्वेला चालत गेलात की पाच-दहा मिनिटांत गोदीची भिंत लागते, तिच्यापलीकडे पाणी. स्टेशनांच्या नावांवरून एक नजर टाका: डॉकयार्ड रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. शिवडीला हिवाळ्यात उतरलात तर खाडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतील. आणि तुम्ही तर रोज वाशीचा खाडीपूल ओलांडता. तिथे पाणी दिसतंच की.

सावली_२

हो, पुलाचं विसरलेच! तिथे आमच्या डब्यात एक मावशी चढतात गोवंडीला. मानखुर्द सुटलं की पदराच्या गाठीतून रुपया काढून मुठीत धरतात. पुलावर गाडी आली की चाकांचा आवाज बदलतो ना, पोकळ होतो, तेव्हा डोळे मिटून खिडकीतून टाकतात. मी विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, "नवरा खाडीत मासेमारीला जायचा. त्याला सांभाळलं तिनं." बस, एवढंच. त्यानंतर मी पुलावर मोबाईल बघत नाही.

अंधेरी–वडाळा–कुर्ला

धागा उत्तम आहे, पण गोदीकरांनी हार्बरचा दुसरा हात पूर्ण सोडून दिला. वडाळ्याच्या पुढे रावळी जंक्शनला लाइन फुटते आणि किंग्ज सर्कल, माहीम करत वांद्रे–अंधेरीला जाते. मध्य आणि पश्चिम रेल्वे यांना जोडणारा हा दुवा आमच्यासारख्यांची जीवनवाहिनी आहे. नाहीतर दादरच्या पुलावर चेंगरत जावं लागलं असतं. २९ मार्च २०१८ पासून ही सेवा गोरेगावपर्यंत गेली. वडाळ्याला रोज पळापळ होते ती या दोन हातांमुळे. पनवेलची गाडी एका बाजूला, अंधेरी-गोरेगावची दुसऱ्या, आणि इंडिकेटर ऐनवेळी बदलला की शेकडो माणसं एकदम जिन्याकडे वळतात.

कोळीवाडा स्टेशनचं नाव आता गुरू तेग बहादूर नगर आहे. फाळणीनंतर तिथे निर्वासित पंजाबी कुटुंबं वसली. माझे शेजारी त्यातलेच. घरातले म्हातारे अजून "कोलीवाडा" म्हणतात.

सिडकोची सून

मला खाडीपलीकडचं लिहायचंय.

वाशीचा रस्त्याचा पूल १९७३ ला झाला. रेल्वे आली ९ मे १९९२ ला. मधली एकोणीस वर्षं नवी मुंबईत राहायला या म्हणून सांगितलं जात होतं आणि यायला होत्या बस. माझे सासरे त्या काळात वाशीला आले. नोकरी फोर्टात. सांगतात, पावसाळ्यात पुलावर बस अडकली की घरी यायला रात्रीचे दहा वाजायचे, आणि सेक्टरमध्ये दिवे नसायचे. लोकांनी घरं घेऊन कुलपं लावून ठेवली होती. लोकल आल्यावर दिवाळीच्या आत आमच्या बिल्डिंगची कुलपं उघडली, असं ते म्हणतात.

१९९३ ला गाडी नेरुळ आणि बेलापूरला पोचली, १९९८ ला पनवेलला. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्यामुळे पनवेलला एकदम महत्त्व आलं. २००४ ला ठाणे–तुर्भे–वाशी झाली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरण्याची माणसं त्याआधी एका बसवर दोन पाय ठेवून जायची. तिच्यावरचं दिघा गाव स्टेशन मात्र जानेवारी २०२४ मध्ये उघडलं.

गोदीकरांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडते. मालासाठीच बांधली हे कुर्ल्यापर्यंत खरं. खाडीपलीकडची लाइन माणसांसाठीच आखली होती, शहराच्या आराखड्यातच होती. आणि तिचे पैसे शहरानेच दिले. दोन तृतीयांश सिडकोचे (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), एक तृतीयांश रेल्वेचे. ६७ आणि ३३. शिवाय तिकिटावर अधिभार, तो आम्ही प्रवाशांनी वर्षानुवर्षं भरला. म्हणून आमची स्टेशनं मोठी, भुयारी मार्ग रुंद, छत उंच. कुणी उपकार केलेले नाहीत.

उरणचा नातू

सिडकोची सून, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही मनापासून लिहितो. शहराने पैसे दिले म्हणता. ते शहराकडे आले कुठून?

ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं. भातशेती, मिठागरं, खाजणं. ती जमीन सिडकोने घेतली, भूखंड पाडून विकली, आणि त्यातून ते ६७ टक्के आले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला लोक रस्त्यावर उतरले. गोळीबारात दोन दिवसांत पाच शेतकरी गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. माझे आजोबा त्या मोर्चात होते. त्यांच्या खांद्यावर काठीचा वळ होता, तो थंडीत दुखायचा.

आता रेल्वेचं सांगतो. जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेव्याचं बंदर, १९८९ ला सुरू झालं. पनवेल–जासईच्या रुळांवरून कंटेनर केव्हापासून जातायत. आमच्या घराच्या मागून. रात्री कुत्री भुंकायची आणि मालगाडी सरकायची, मोजत बसलो तर डबे संपायचे नाहीत. माणसांच्या गाडीचं काम १९९७ ला सुरू झालं. सीवूड्स-बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल आली ११ नोव्हेंबर २०१८ ला. उरणला आली १२ जानेवारी २०२४ ला. २७ किलोमीटरला २७ वर्षं. भूसंपादन, खारफुटी, वनखात्याची परवानगी ही कारणं मलाही माहीत आहेत. पण बंदराचा माल तोपर्यंत थांबला नाही, एवढंच बघा. गोदीकर, तुमचा आधी माल, मग माणसं हा नियम खाडीपलीकडेही चुकला नाही.

मी कॉलेजला बेलापूरला होतो. सकाळी एसटी, ती चुकली तर सहा आसनी रिक्षा, कंटेनरच्या ट्रेलरमागे जेएनपीटीच्या रस्त्यावर धूळ खात. आमच्या वर्गातली एक मुलगी त्या रस्त्यावर गेली. ट्रेलरखाली. लोकल असती तर ती गाडीतच बसली असती. त्या २७ वर्षांचा हिशेब माझ्यासाठी असा आहे.

सिडकोची सून

तुमचं खरं आहे. शहराने दिले म्हणताना तो पैसा कुणाच्या शेतातून आला हे मी लिहायला हवं होतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्या सेक्टरच्या जागी पूर्वी काय पिकायचं ते विचार त्यांना.

उरणचा नातू

वाशी-जुहूगावच्या बाजूला भात आणि मिठागरं. भात खाऱ्या जमिनीतलं, बांध घालून समुद्र अडवून काढलेलं. दाणा जाडा, तांबूस. त्याची भाकरी आमच्याकडे सणाला अजून करतात, तांदूळ आता विकत आणून.

डीसी ते एसी

उरणच्या मित्रा, तुमचं लिहिणं वाचून मी दोनदा उत्तर टाईप करून पुसलं. आम्ही आतली माणसं परवानग्या, निधी, टेंडर यांच्या तारखा मोजत बसतो. त्या मुलीचं वय त्या तारखांमध्ये कुठेच नसतं.

अंधेरी–वडाळा–कुर्ला

मूळ विषयाला धरून एक जुनी गोष्ट. कुर्ल्याहून आणखी एक लाइन होती, सहसा कुणाला ठाऊक नसते. १९२८ ला ट्रॉम्बेपासून कुर्ला करत अंधेरीपर्यंत १३ किलोमीटरची, सेंट्रल साल्सेट ट्रॅमवे नावाची. १९३४ ला बंद झाली, सांताक्रूझच्या विमानतळाला जागा हवी होती म्हणून. पूर्व-पश्चिम जोडणारी लाइन नव्वद वर्षांपूर्वी होती आणि आपण ती गमावली. आज त्याच दिशेला मेट्रोसाठी किती खर्च करावा लागला बघा.

गोदीकर

अंधेरी–वडाळा, ही माहिती सोन्यासारखी आहे. कुर्ल्यात लहानाचा मोठा झालो आणि हे आज कळतंय.

उरणचा नातू, तुमची पोस्ट अण्णांना वाचून दाखवली. ते आता ८३ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून तीन वेळा वाचली. जेएनपीटी झाल्यावर मुंबईच्या गोदीतला माल तिकडे गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या शेडमध्ये शेवटी-शेवटी क्रेन दिवस-दिवस उभी असायची आणि वही कोरी राहायची. म्हणजे माल इथून गेला तो तुमच्या जमिनीवर गेला. एकाच मालाची ही दोन टोकं आपण धरून आहोत, असं ते म्हणाले. त्यांच्या शब्दांत लिहितोय.

दुहेरी रुळांचं दुखणं मात्र तसंच आहे. सीएसएमटी–पनवेल जलद मार्ग एमयूटीपी-३अ (मुंबईच्या लोकल रेल्वेची विस्तार योजना) च्या आराखड्यात आला, पण पुढे सरकला नाही. पनवेल–कर्जतचं काम मात्र चालू आहे, तो झाला की कर्जतकरांना कल्याणचा वळसा पडणार नाही. तरी पनवेल ते कुर्ला सगळा भार त्याच दोन रुळांवर. पनवेलजवळ विमानतळ झाला, पलीकडून कर्जत जोडलं जाणार, उरण जोडलं गेलं. माणसं येतच राहणार. जास्तीचे रूळ हवेत, आणि ते यावेळी मालाआधी हवेत.

सावली_२

रविवारी आईला घेऊन उरणला जायचं ठरवलंय. नेरुळहून बसू का बेलापूरहून?

उरणचा नातू

तुम्ही पनवेलच्या, तर बेलापूरला उतरा. गाडी आधी तपासा, फेऱ्या कमी आहेत आणि एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं. खारकोपर सुटल्यावर उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना खाजण लागतं, बगळे असतात. उरणला उतरलात की बाजारात सुकी मासळी घ्या, दुपारी बारानंतर उरत नाही.

गोदीकर

अण्णा विचारतायत, उरणच्या मोऱ्याची लाँच अजून मुंबईला भाऊच्या धक्क्याला लागते का? त्यांना परतताना लाँचने यायचंय. धक्क्यावरून रे रोड, आणि रे रोडवरून हार्बर.

उरणचा नातू

लागते. ओहोटीला मोऱ्याला अडचण होते, भरतीची वेळ बघून निघा. त्यांना सांगा, मी मोऱ्याच्या जेटीवर येतो घ्यायला. वहीतल्या त्या पाच-पाचच्या रेघा बघायच्या आहेत मला, वही सोबत असू द्या.